तिला काय दिसत होतं?

वेड म्हटलं की आपल्याला बोलणं आठवतं. एकट्यानंच पुटपुटणं, कुणी हाक मारली म्हणून रात्री दार उघडणं. आमच्या बेळगाव भागात अशा माणसाबद्दल 'धारवाडला न्यायला झालंय' म्हणतात, कारण मनोरुग्णांचं मोठं इस्पितळ तिथं ब्रिटिशांच्या काळापासून आहे. तिथं नेल्यावरही बहुधा आधी कानाचं विचारतात : आवाज ऐकू येतात का? त्यात चूक काही नाही, स्किझोफ्रेनियात कानांचे भासच जास्त. पण डोळ्यांचंही काही बिनसतं, हे मात्र घरच्यांना सहसा कुणी सांगत नाही.

आणि 'बिनसतं' म्हणजे नसलेलं दिसतं एवढंच नव्हे. नसलेलं दिसणं हे वेडाचं लक्षण असेलच असंही नाही. १७६० साली जिनिव्हाच्या शार्ल बोने यांनी आपल्या आजोबांची हकिकत लिहून ठेवली. म्हाताऱ्याला मोतीबिंदूनं कमी दिसे आणि त्याच डोळ्यांना माणसं, पक्षी, गाड्या दिसत. हे खरं नाही हे त्यांचं त्यांना पक्कं ठाऊक होतं, डोकं अगदी शाबूत. तेव्हा आजीला कोपऱ्यात बायका बसलेल्या दिसायला लागल्या तर बाहेरचं बघणाऱ्याकडे धावण्याआधी तिचे डोळे तपासून घ्यावेत, ताप आहे का बघावं.

मी म्हणते ते वेगळं. वस्तू असते, तीच दिसते, पण जशी दिसायला हवी तशी दिसत नाही.

याचं सगळ्यात चांगलं वर्णन एका मुलीनं केलेलं आहे. तीही जिनिव्हाकडचीच. मार्गरित सेशहाय या मनोविश्लेषक बाईंनी १९५० साली आपल्या रुग्ण मुलीची आत्मकथा प्रसिद्ध केली. नाव बदलून तिला रने म्हटलं. शाळेतला दोरीचा खेळ तिनं सांगितलाय, आपण सगळ्या खेळलोय तोच. दोघी दोरी फिरवतात, दोन्हीकडून दोघी आत उड्या मारत येतात. रनेची मैत्रीण पलीकडून येऊ लागली आणि जवळ येईल तशी मोठी होत चालली, फुगत चालली. मैत्रीण तीच, तरी ती वाटेना. रने घाबरून ओरडली. नंतर थट्टा केली म्हणून सावरून घेतलं, कारण दुसरं सांगणार काय?

खरं तर आपल्याही डोळ्याच्या पडद्यावर जवळ येणाऱ्या माणसाचं चित्र मोठंच होत जातं. पण मेंदू हिशेब करून माणूस तेवढाच ठेवतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. रनेचा हा हिशेब मध्येच थांबत असे. पुढं आजार वाढल्यावर भेटायला आलेल्या मैत्रिणीचा चेहराही तिला सलग दिसेना. आधी दात, मग नाक, मग गाल, मग एक डोळा. चेहऱ्याचे हे तुकडे बघत बसलेली मुलगी बाहेरून कशी दिसली असेल? टक लावून बघते, बोलत नाही, माया आटली हिची. घरचे असंच म्हणतात ना? बरी होताना तिला वस्तू पुन्हा खऱ्या, उपयोगाच्या दिसू लागल्या आणि तिला कोण आनंद झाला. गादी म्हणजे टेकायची गोष्ट, एवढ्यावर खूश!

डॉक्टरांनी हे मनावर घ्यायला वेळ लावला. सुरुवात खरं तर लवकर झाली होती. १९०८ साली अमेरिकेत डिफेनडॉर्फ आणि डॉज या दोघांनी रुग्णांसमोर लंबक झुलवून त्यांच्या डोळ्यांच्या हालचालींचे फोटो काढले. निरोगी नजर लंबकामागं सरकत जाते. या रुग्णांची नजर मागं पडे, मग धक्क्यानं पुढं उडी घेई. शोध केवढा मोठा! पण पुढची कित्येक वर्षं त्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. रोग मनात आहे, डोळ्यांत काय बघायचं, असं झालं असावं. मधल्या काळात स्कॉटलंडमध्ये मॅकगी आणि चॅपमन यांनी साधी गोष्ट केली. नव्यानं आजारी पडलेल्या २६ जणांना, तुम्हाला काय होतं ते सांगा, असं विचारलं आणि १९६१ साली त्यांचं म्हणणं छापलं. चॅपमन यांनी पुढंही अशा नोंदी केल्या. त्यांतल्या एकाला मनगटावरचं घड्याळ बघताना पट्टा, तबकडी, काटे सुटे दिसत आणि ते डोक्यात जोडावे लागत. वेळ सांगायला उशीर का होतो, याचं उत्तर त्याच्याकडेच होतं.

१९७३ साली फिलिप होल्झमन यांनी लंबकाचा प्रयोग पुन्हा केला. तेच आढळलं. पुढच्याच वर्षी त्यांनी रुग्णांचे आईबाप, भावंडं तपासली, तर जवळपास निम्म्यांची नजर तशीच अडखळत होती, आणि ती माणसं आजारी नव्हती. मला हे लिहिताना भीती वाटते. आपल्यात मुलगी बघायला जाताना घराण्याची चौकशी कशी होते ते मी सांगायला नको. म्हणून स्पष्ट लिहिते, नजरेतला हा अडखळा म्हणजे आजार नव्हे. तो घेऊन कितीतरी माणसं सुखानं संसार करतात.

आणखी एक गंमत. गौरीचा पोकळ मुखवटा उलटा धरा, जरा लांबून एक डोळा मिटून आतल्या बाजूनं बघा. खड्डा असूनही चेहरा बाहेर आलेलाच दिसेल, कारण चेहरा असाच असतो हे मेंदूनं ठरवून टाकलेलं आहे. जर्मनीत हॅनोव्हरला हा प्रयोग झाला, २००९ सालचा त्यांचा अभ्यास गाजला. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण फसत नव्हते. त्यांना खड्डा खड्डाच दिसे! आपण शहाणी माणसं सवयीनं बघतो.

लोकांना मात्र मांजरांची चित्रं ठाऊक. लुई वेन हा इंग्लंडचा चित्रकार १९२४ पासून १९३९ साली वारेपर्यंत मनोरुग्णालयांत होता. साध्या मांजरापासून नुसत्या नक्षीपर्यंत त्याची आठ चित्रं ओळीनं छापतात आणि बघा रोग कसा वाढत गेला म्हणतात. चित्रांवर तारखा नव्हत्या. दुकानात मिळालेली चित्रं वॉल्टर मॅक्ले या डॉक्टरनं आपल्या कल्पनेप्रमाणं लावली. शेवटच्या वर्षांतही वेन साधी मांजरं काढत होता. पुस्तकांतून ती ओळ अजून हलत नाही.

आता घरातलं. या आजाराच्या गोळ्यांसोबत हात थरथरू नयेत म्हणून बऱ्याचदा ट्रायहेक्सिफेनिडिल देतात. त्यानं जवळचं धूसर दिसतं, सुईत दोरा ओवता येत नाही, तांदळातले खडे दिसत नाहीत. माझ्या ओळखीतली एक सून त्यापायी वर्षभर 'कामचुकार' म्हणवून घेत होती. गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारायचं. डोळ्यांचा नंबरही तपासून घ्यायचा. शेवटी तिच्या नणंदेनं विचारलं, वहिनी, नक्की काय होतंय तुम्हाला? तेव्हा ती म्हणाली, जिन्याच्या पायऱ्या मला एकच पाट घातल्यासारख्या दिसतात. दुसऱ्या दिवशी नणंदेनं प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळ्या रंगाची पट्टी ओढली.