बायनरी पॅकेज की सोर्समधून कंपाइल? लिनक्समध्ये काय निवडायचं

लिनक्सवर एकच सॉफ्टवेअर दोन प्रकारे घेता येतं. फरक कळायला लालबागची मसाला गल्ली आठवा. तिथे तयार मसाल्याचं पाकीट मिळतं, किंवा मिरच्या-धणे निवडून डंकनवर कुटूनही घेता येतात.

बायनरी पॅकेज

हे तयार पाकीट. प्रोग्रामरने लिहिलेला सोर्स कोड प्रोसेसरला थेट कळत नाही, कंपायलर त्याचा मशीन कोड करतो. डेबियन, उबुंटू, फेडोरा हे काम आपल्या सर्व्हरवर आधीच उरकतात. २०२३ च्या डेबियन १२ मध्ये अशी ६४ हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत. 'अ‍ॅप्ट'ला नाव सांगितलं की ते डिजिटल सही तपासतं, लागणाऱ्या लायब्ररीही आणतं. फोनवर टर्मक्समध्येही तयार पॅकेजेसच उतरतात.

सोर्समधून कंपाइल

इथे कुटणं तुमच्या मशीनवर. नको ती फीचर्स वगळता येतात, आपल्या प्रोसेसरला साजेसं सॉफ्टवेअर बनतं. जेंटू हे डिस्ट्रो याच पद्धतीवर उभं आहे. छोटं टूल मिनिटभरात होतं, पण क्रोमियमसारख्या ब्राउझरला साध्या लॅपटॉपवर कित्येक तास लागतात. शेवटी जेंटूनेही डिसेंबर २०२३ पासून मोठ्या प्रमाणावर तयार पॅकेजेस द्यायला सुरुवात केली.

मग सुरक्षित काय?

'सोर्स घेतला म्हणजे सुरक्षित' असं नाही. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या टूलमध्ये चोरवाट सापडली. ती ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या अधिकृत सोर्स फाइलमध्येच लपवली होती. तिथून ती डेबियन आणि फेडोराच्या चाचणी आवृत्त्यांत पोहोचली, डेबियनची स्थिर आवृत्ती वाचली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे शोधताना आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला ती दिसली. म्हणजे सोर्स देणारा आणि पॅकेज बांधणारा, दोघांवरही आपण विश्वास ठेवत असतो.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. हाताने कंपाइल केलेल्या सॉफ्टवेअरची 'अ‍ॅप्ट'कडे नोंद नसते. सिक्युरिटी अपडेट आला तरी ते जुनंच राहतं, नवीन आवृत्ती तुम्हालाच पुन्हा बांधावी लागते.

माझा सल्ला

लॅमिंग्टन रोडवरून ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप घेतला असेल तर डोळे झाकून पॅकेज वापरा. मीही रोजच्या कामाला तेच वापरतो. पॅकेज उपलब्धच नसेल, आवृत्ती फार जुनी असेल किंवा शिकायचं असेल, तेव्हाच कंपाइल करा. सुरुवात छोट्या टूलपासून करा आणि सोर्स मूळ प्रकल्पाच्या साइटवरूनच घ्या.