उतरंडीपासून ट्रॉलीपर्यंत

आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुळं लातूर-नांदेडकडच्या खेड्यांत आहेत. तिथल्या माळवदाच्या घरांना दोन-दोन फुटी दगडमातीच्या भिंती. स्वयंपाकघरात वेगळं कपाट नसायचं. भिंत हेच कपाट! देवळीत दिवा-काडेपेटी, फडताळात तिखटमिठाचे डबे, शिंक्यावर दूध-दही आणि कोपऱ्यात उतरंड. मोठं, जड मडकं तळाला, रोज लागणारं वर, हाताशी.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं झोपलेली. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसर हादरला. चिखलात रचलेले दगड सुटले, माळवदाची माती अंगावर आली. ज्या भिंतींनी संसार सांभाळला, त्यांच्याखालीच हजारो माणसं गेली.

पुढे सिमेंट-विटांची घरं आली. भिंती बारीक झाल्या, देवळ्या गेल्या. भांडी आधी मांडणीवर, मग ओट्याखालच्या ट्रॉलीत आली. आता ट्रॉली ओढली तरी ऐनवेळी पळी सापडत नाही, ही तक्रार घरोघरी!

त्यावर आजीच्या उतरंडीचाच नियम लावून बघा. वरच्या खणात चमचे, पळ्या, चिमटा, मधल्यात ताटं-वाट्या, तळाला कुकर, कढया, जड डबे. डोक्यावरच्या फळीवर लोणच्याची बरणी नकोच. २०२४ च्या मार्च आणि जुलैत हिंगोली-नांदेडकडे जमीन पुन्हा हलली होती. स्वयंपाकघर नीटनेटकं दिसावंच. पण अपरात्री धरणी हलली तर वरून काही पडू नये, हे त्याहून महत्त्वाचं.