चेहऱ्याचा हक्क: पिठाच्या जाहिरातीतल्या मुलीपासून आशाताईंपर्यंत

सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. कृत्रिम बुद्धिमत्तेने त्यांच्या आवाजाची नक्कल करून देणाऱ्यांना आणि त्यांचे चित्र छापून माल विकणाऱ्यांना न्यायालयाने मनाई केली. जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना याच न्यायालयाने असे संरक्षण दिले होते. दिल्लीत अमिताभ बच्चन (२०२२), अनिल कपूर (२०२३) आणि जॅकी श्रॉफ (२०२४) यांनाही ते मिळाले. बातम्यांतून या हक्काचे नाव पडले ‘सेलिब्रिटींचा हक्क’.

या आदेशांबद्दल आमची तक्रार नाही. ज्याने आयुष्यभर गळा झिजवला, त्याच्या आवाजावर दुसऱ्याने धंदा करू नये, हे न्यायाचेच आहे. परंतु हा हक्क सेलिब्रिटींनी मिळवला, सेलिब्रिटींसाठीच आहे, हा समज इतिहासाला धरून नाही. मित्रांनो, हा इतिहास आपण नीट पाहिला पाहिजे, कारण त्याची सुरुवात सामान्य माणसापासून होते.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात ॲबिगेल रॉबर्सन नावाची एक मुलगी होती. नटी नाही, गायिका नाही. एका पीठ कंपनीने तिला न विचारता तिचे चित्र आपल्या जाहिरातीवर छापले. २५ हजार प्रती दुकानांतून, दारूच्या गुत्त्यांतून झळकल्या. तिने दावा लावला. १९०२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असा हक्क कायद्यात नाही. लोकांत संताप उसळला आणि १९०३ साली न्यूयॉर्कने कायदा केला: परवानगीशिवाय कुणाचे नाव वा चित्र व्यापारासाठी वापरायचे नाही. तिथून पुढे ५० वर्षांनी, १९५३ साली, च्युइंगमसोबत बेसबॉल खेळाडूंची चित्रे विकणाऱ्या दोन कंपन्यांच्या भांडणात न्यायालयाने प्रसिद्धीच्या हक्काला स्वतंत्र मान्यता दिली. सामान्य मुलीच्या अब्रूचा प्रश्न प्रसिद्ध माणसाच्या मालमत्तेचा प्रश्न झाला, तो असा.

भारतात काय झाले? १९९४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे ‘आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य’ हा खटला आला. वाद होता फाशीची शिक्षा झालेल्या ‘ऑटो शंकर’ या कैद्याच्या आत्मचरित्राचा. ते छापणाऱ्या तमिळ नियतकालिकावर तुरुंग अधिकाऱ्यांचा दबाव होता. सार्वजनिक नोंदींच्या आधारे छापायला न्यायालयाने मोकळीक दिली. आणि त्याच निकालात असेही सांगितले की संमतीशिवाय कुणाचे नाव किंवा छबी जाहिरातीसाठी वापरणे हा त्याच्या खाजगीपणावर घाला आहे. आधार कोणता? संविधानाचे अनुच्छेद २१. आज ताऱ्यांचे वकील ज्या निकालाचा दाखला देतात, तो एका कैद्याच्या कहाणीवरून उभा राहिला आहे.

त्याच वर्षी फूलन देवी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. मल्लाह समाजातली ही स्त्री. तिच्यावर झालेले बलात्कार ‘बँडिट क्वीन’मध्ये पडद्यावर दाखवले होते. माझ्या देहावरचा अत्याचार मला न विचारता कसा दाखवता, हा तिचा सवाल होता. न्यायालयाने प्रदर्शनाला अंतरिम मनाई केली. पुढे तडजोड झाली, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाचा मार्ग मोकळा केला. ताऱ्यांच्या या यादीत फूलन देवींचे नाव किती जण घेतात?

आता आपल्या घरात डोकावू. काही वर्षांपूर्वी एका संस्थेत काम करताना आम्ही शहरातल्या एका वस्तीत हंडा घेऊन नळावर उभ्या असलेल्या एका मावशींचा फोटो काढला. कशासाठी, ते सांगितले नाही. तो फोटो निधी मागणाऱ्या पत्रकावर छापला गेला आणि व्हॉट्सॲपवरून फिरत त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलापर्यंत पोहोचला. तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, “दादा, माझी आई धुणीभांडी करून आम्हाला शिकवते. ती कुणापुढं हात पसरत नाही. तुम्ही तिला भिकारीण केलंत.” आमच्याकडे उत्तर नव्हते. समाजशास्त्राची पदवी घेतलेल्या, स्वाभिमानाची भाषणे देणाऱ्या आम्हाला तिची संमती विचारावीशी वाटली नाही.

कायदाही इथे तोकडा पडतो. १९५७च्या कॉपीराईट कायद्याप्रमाणे फोटोची मालकी सहसा काढणाऱ्याची किंवा पैसे देऊन काढून घेणाऱ्याची. फोटोतल्या माणसाची नाही. राहते ते अनुच्छेद २१. पण ते घेऊन उच्च न्यायालयात जायला मावशींकडे ना वेळ, ना पैसा. खंडपीठ आपल्याच शहरात आहे, तरीही.

कुणी म्हणेल, असा हक्क मागितला तर चळवळीचेच हात बांधले जातील. २००६ साली खैरलांजीच्या मृतदेहांचे फोटो हातोहात फिरले म्हणून लोक रस्त्यावर आले ना? शंका रास्त आहे. अत्याचाराचा पुरावा, बातमी, टीका, विडंबन यांना कुलूप लागता कामा नये. जॅकी श्रॉफ यांच्या खटल्यातही दिल्ली उच्च न्यायालयाने एका यूट्यूबरचा गमतीचा व्हिडिओ लगेच बंद करायला नकार दिला होता. पण पुरावा मांडणे वेगळे आणि चेहऱ्यावर निधी किंवा मते गोळा करणे वेगळे. शिवाय बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. संतापाच्या भरात फोटो पुढे ढकलणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनाही तो लागू आहे.

आणि बाबासाहेबांचा चेहरा? १४ एप्रिलला भडकल गेटला जा. फोटो, बिल्ले, दिनदर्शिका विकून कित्येक घरांच्या चुली पेटतात. तो चेहरा कुणाच्या मालकीचा झाला नाही, म्हणूनच घराघरात पोहोचला. सुशांतसिंह राजपूत प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली म्हटले की हा हक्क माणसाबरोबरच संपतो. आम्हाला ते योग्य वाटते. महापुरुष सर्वांचे असावेत. जिवंत माणूस मात्र स्वतःचाच असला पाहिजे.

म्हणून सुरुवात आपल्यापासून करू. वस्तीत फोटो काढण्याआधी नाव विचारू. तो कुठे छापणार, ते सांगू. नको म्हटले तर मोबाईल खिशात ठेवू, आणि नंतर नकार आला तरी फोटो काढून टाकू. त्या मावशींची आम्ही घरी जाऊन माफी मागितली. उरलेली पत्रके परत घेतली. फिरून गेलेला फोटो मात्र परत घेता आला नाही.

जय भीम!