मागची सीट

मांडवीच्या जेट्टीजवळ गाडी लावली तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. नवी गाडी, पुण्याहून रत्नागिरीला पहिलाच फेरा. ही गाडी मी मागच्या सीटकडे बघूनच घेतली होती. पाय लांब करायला भरपूर जागा, मागच्यांसाठी वेगळा एसी, मधे आर्मरेस्ट, मोबाइल चार्जिंग, मान टेकायला मऊ उशी. घरून निघताना बाबांसाठी मागचं दार उघडून उभा राहिलो. त्यांनी ते हळूच लावलं आणि पुढे माझ्या शेजारी येऊन बसले.

"मागे कशाला रे? मी काय साहेब आहे?"

बाबांनी बावीस वर्षं दुसऱ्याची गाडी चालवली. सुरुवातीची बरीच वर्षं अ‍ॅम्बॅसेडर. रोज सकाळी मागची सीट पुसायची, तिच्यावरचा टॉवेल बदलायचा. त्या सीटवर ते एकदाही बसले नाहीत. "बसू नको असं कुणी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले, "पण बसायचं नसतं हे ठाऊक होतं."

हे 'ठाऊक असणं' कुठून येतं, ते शोधत गेलो की आपण गाडीच्या खूप मागे जातो.

आपण ज्याला सेडान म्हणतो तो शब्द मोटारीच्या आधीचा आहे. सतराव्या शतकात युरोपातल्या शहरांत 'सेडान चेअर' असायची. बंद पेटीत एक खुर्ची, दोन्ही बाजूंना दांडे, पुढे एक माणूस आणि मागे एक. थोडक्यात, त्यांचा मेणा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंद टपाच्या मोटारी आल्या आणि हे नाव त्यांना चिकटलं. आपली पालखी आणि आपला पलंग हे दोन्ही शब्द संस्कृतातल्या 'पर्यंक' या एकाच कुळातले. त्याच कुळातला शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेला आणि 'पॅलँक्विन' झाला. म्हणजे चालता पलंग. आत बसणाऱ्याला आराम आणि त्या आरामाचं वजन भोयांच्या खांद्यावर.

शिमग्यात रत्नागिरीत भैरीची पालखी निघते, तेव्हा खांदा द्यायला झुंबड उडते. तिथे खांदा देणं हा मान असतो. माणसाच्या पालखीला तसा मान कधीच नव्हता.

बैलगाडी आणि टांगा आले तेव्हा वजन जनावरावर गेलं, पण कोण कुठे बसणार हा प्रश्न सुटला नाही. १९०१ साली रेल्वेच्या मसूर स्टेशनवर काही मुलं उतरली. त्यांना कोरेगावला वडिलांकडे जायचं होतं. मुलं महार आहेत हे कळल्यावर एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर तोडगा निघाला: गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालत यायचं. त्या मुलांपैकी एक होता भीमराव आंबेडकर, वय नऊ-दहा. घराण्याचं मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे.

१९२९ साली तेच आंबेडकर, आता बॅरिस्टर आणि सरकारी समितीचे सदस्य, चाळीसगावला उतरले. टांगेवाल्यांनी पुन्हा नकार दिला. वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने मिळवला, पण हाकायला टांगेवाला आला नाही. ज्याला सवय नव्हती अशा एकाने लगाम हाती घेतले. पुलावर टांगा उलटला, आंबेडकर दगडावर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हे दोन्ही प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहेत. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला फक्त अपमान दिसला होता. आता आणखी एक गोष्ट दिसते. चालवणारा खालचा आणि बसणारा वरचा, ही उतरंड इतकी पक्की होती की बसणारा 'चुकीच्या' जातीचा निघाला तर चालवणारा आपली कमाई सोडायला तयार होता.

ही घट्ट बसलेली जागा कोकणात थोडी हलली ती पाण्यावर आणि मग एसटीत. आम्ही उभे होतो त्याच मांडवीच्या समुद्रात एके काळी मुंबईची बोट थांबायची. ती आत नांगर टाकायची आणि माणसं पडावातून तिच्याकडे जायची. वरचा वर्ग आणि डेक असा फरक तिथेही होताच. डेकवर वळकटी पसरायची आणि रात्र काढायची. पण एकदा पडावात चढलं की लाट सगळ्यांना सारखीच भिजवायची. पावसाळ्यात बोटी बंद.

१ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे हीच एसटी घाट उतरून कोकणातल्या गावागावांत पोचली. ज्याच्याकडे तिकीट त्याला जागा. आणि ज्याचा रुमाल खिडकीतून आधी पडला त्याची ती जागा पक्की! मजा म्हणजे एसटीत मागची सीट सगळ्यात वाईट. मागच्या चाकांच्याही मागे ती लोंबकळत असते, त्यामुळे खड्डा आला की तिथला माणूस सगळ्यात जास्त उडतो. गाडीत मात्र 'मागे बसणं' म्हणजे मोठेपणा.

या मोठेपणाला शोफर लागतो. शोफर हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ भट्टीत जाळ घालणारा. सुरुवातीच्या कित्येक मोटारींत मालक बंद डब्यात बसायचा आणि शोफर पुढे, ऊन-पाऊस झेलत. १९५७ साली आलेल्या अ‍ॅम्बॅसेडरमध्ये सगळे एकाच छपराखाली आले. पुढची सीटही सलग बाकासारखी, कारण गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. पण पडदे लागले ते मागच्या खिडक्यांना, आणि टॉवेल पडला तो मागच्या सीटवर. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. मालक स्वतः चालवू लागला, बायको शेजारी, मुलं मागे. मला वाटलं होतं, उतरंड इथे संपली असेल. पण आजच्या काही गाड्यांत मागे बसून पुढची सीट सरकवायचं एक बटण असतं. त्या सोयीचं नाव 'बॉस मोड'.

मोठेपणाच्या या जागेत एक धोकाही लपलेला आहे. व्होल्वोमधल्या निल्स बोलिन या इंजिनिअरने १९५९ साली तीन टोकांचा सीटबेल्ट आणला आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. आपल्याकडे मात्र बेल्ट ही चालवणाऱ्याची आणि फार तर शेजारच्याची गोष्ट राहिली. मागचा माणूस आराम करायला बसलेला, त्याला बांधायचं कसं? ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढचे दोघे वाचले. मागे बसलेले दोघे गेले. त्यांनी बेल्ट लावले नव्हते. कायदा आधीपासून होता, १००० रुपये दंडही होता. वेग तर मागच्या सीटचाही तोच असतो. गाडी थांबली तरी बेल्ट नसलेलं शरीर त्याच वेगाने पुढे जातं. हे न्यूटन आपल्याला शाळेत सांगून गेलाय.

अंधार पडल्यावर आम्ही निघालो. मी पुन्हा मागचं दार उघडलं. म्हटलं, "बाबा, सीट बरोबर बसते का ते मला चालवताना कळत नाही. जरा बघून सांगा." काम म्हणून सांगितल्यावर ते बसले. आर्मरेस्ट खाली केला, वर केला, सीटच्या कापडावरून हात फिरवला. "पुसायला सोपं आहे," म्हणाले. बेल्ट ओढला, पण त्याचं कुलूप सापडेना. बावीस वर्षं जी सीट पुसली तिथे बेल्ट नव्हताच. मी वाकून लावून दिला.

आरशात बघत गाडी काढली. पहिल्या वळणावर समोरून डंपर आला, मी ब्रेक दाबला. मागून 'धप' असा आवाज आला. बाबांनीही उजवा पाय मॅटवर दाबला होता.

"बरोबर दाबलास," ते म्हणाले. "पण थोडा आधी दाब."