तीन जिल्हे घटले, त्यातले दोन आपले

गौरी-गणपती आटोपले, चाकरमानी परत गेले. काल वाडीत चक्कर मारली. चौदा घरं, त्यातल्या नवांना पुन्हा कुलूप. आता उघडतील ती शिमग्यालाच.

पारावर नेहमीचं वाक्य ऐकू येतं, ‘हल्लीची पोरं गावात थांबत नाहीत.’ हल्लीची कुठली राव! आपले पणजोबा तरी कुठे थांबले होते? १८५६ मध्ये मुंबईत पहिली गिरणी सुरू झाली. इकडे डोंगरउताराची जमीन, वर खोताचा वाटा. भात जेमतेम चार-सहा महिने पुरायचं. खोती रद्द करणारा कायदा आला १९४९ मध्ये, तोवर दोन-तीन पिढ्या गिरणगावात मुरल्या होत्या. गावच्या नावाची एक खोली, त्यात वीस-पंचवीस बाप्ये पाळीपाळीने झोपायचे. बायको, पोरं, म्हातारी गावी आणि महिन्याला मनीऑर्डर. म्हणजे गाव रिकामा नव्हता, बाप्ये तेवढे नव्हते. अजूनही खूण दिसते: २०११ ला रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, राज्यात ९२९.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. बाबा वर्षभर गावी होते. मग परत गेले ते वॉचमन म्हणून, आणि जाताना आईला, मोठ्या भावाला घेऊन गेले. मी आजीकडे राहिलो, म्हणून आज इथे पत्रकारिता करतोय. माझ्या मते खरी कलाटणी इथे आहे. आधी माणूस जायचा, आता बिऱ्हाड गेलं. मनीऑर्डर पाठवायची तरी कुणाला?

सरकारने काही केलं नाही असं नाही. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड आली. कलमं वाढली, राखणीला नेपाळी गुरखे आले. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली. आणि २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, सिंधुदुर्गही घटला. राज्यातल्या ३५ जिल्ह्यांत घटलेले तीनच. तिसरा कोणता? मुंबई शहर! लालबाग-परळमध्येही आपला माणूस टिकला नाही, तो गेला विरार-दिव्याला. २०२१ ची जनगणना तर झालीच नाही.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये भाऊ नालासोपाऱ्याहून गावी आला. काजू सोलायचं युनिट टाकायचं म्हणाला. मशीन बघितली, कर्जाला गेला. सातबारा सामाईक, त्यावर ३१ नावं. बँकेने सगळ्यांची संमती मागितली. बारा जण वारलेले, वारस लागलेले नाहीत. दोन चुलते कुठे असतात तेच माहीत नाही. दीड वर्ष खेटे घालून भाऊ परत गेला. त्या जागेत आता रान माजलंय.

योजना आणा, पर्यटन आणा, सगळं आणा. पण आधी जमीन कुणाची ते ठरू दे. संमती असेल तर महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदार वाटप करून देतात. अडतं ते सगळे एका जागी येण्यात. आणि सगळे एका जागी येतात ते आरतीला! त्याच पाच दिवसांत वारसनोंद आणि वाटपाचं शिबिर गावात लावायला काय हरकत आहे? (तलाठी भाऊसाहेबही तेव्हा आपल्या गावी गणपतीला गेलेले असतात, ही अडचण मान्य.)

यंदाचे गणपती गेले. शिमग्याच्या शिबिरासाठी येत्या ग्रामसभेत अर्ज देतोय. वाडीतल्या सात जणांनी सही केलीय. मुंबईकरांनो, तुमच्या सह्या मेसेजवर नको, कागदावर पाठवा.