दुबईच्या वाळवंटात क्वाड बाईक आणि सूर्यास्त: रीलमध्ये न दिसणाऱ्या गोष्टी

दुबईला जाऊन आलेल्या कुठल्याही मित्राचं इन्स्टाग्राम उघडा. बुर्ज खलिफासमोरचा एक फोटो असतो, मॉलमधला एक असतो आणि तिसरा हमखास असतो तो लाल वाळूतला. डोक्याला चौकड्यांचा रुमाल, डोळ्यांवर गॉगल, खाली जाड टायरची चार चाकी क्वाड बाईक आणि मागे मावळता सूर्य.

महाराष्ट्रातून निघणाऱ्या बहुतेक दुबई सहलींमध्ये डेझर्ट सफारी असतेच. क्वाड बाईक मात्र अनेकदा वेगळे पैसे भरून घ्यावी लागते आणि ती घ्यायची की नाही हे तिथे उभ्याउभ्या दोन मिनिटांत ठरतं. पण अख्ख्या दिवसात धोका सगळ्यात जास्त असतो तो याच वीस-तीस मिनिटांत. गाडीला चार चाकं आहेत, खाली मऊ वाळू आहे, मग होऊन होऊन काय होणार, असं वाटतं. अपघात होतात ते नेमके याच दोन समजुतींमुळे.

दिवस कसा जातो?

सफारीची गाडी दुपारी अडीच-साडेतीनच्या सुमारास हॉटेलवर घ्यायला येते. ती बहुधा फोर बाय फोर असते. शहरातून दुबई-हत्ता रस्त्याने निघालं की पाऊण ते एक तासात लाहबाबचा परिसर येतो. रीलमधली लाल वाळू बहुतेक वेळा इथलीच असते. याच रस्त्यालगत 'बिग रेड' नावाची वाळूची प्रसिद्ध टेकडी आहे. तिची उंची सुमारे १०० मीटर सांगितली जाते.

वाळूत शिरण्याआधी ड्रायव्हर टायरमधली हवा कमी करतो. हवा कमी झाली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि गाडी वाळूत रुतत नाही. मग टेकड्यांवरून वर-खाली हेलकावे खात गाडी पळते. याला 'ड्यून बॅशिंग' म्हणतात. भरपेट जेवून निघालेल्यांना इथे उलटीचा त्रास होतो, म्हणून दुपारचं जेवण हलकं ठेवलेलं बरं.

पुढे क्वाड बाईक, फळीवरून वाळूत घसरणं, उंटाची छोटी फेरी आणि सूर्यास्त. अंधार पडला की कॅम्पमध्ये जेवण आणि कार्यक्रम. त्यात घेरदार रंगीत घागरा घालून गोल गोल फिरणारा कलाकार दिसतो. तो तनुरा नाच मूळचा इजिप्तचा. शाकाहारी जेवण बहुतेक कॅम्पमध्ये मिळतं, पण जैन जेवण हवं असेल तर बुकिंग करतानाच सांगावं लागतं. रात्री नऊच्या आसपास गाडी हॉटेलवर परत सोडते.

वाळू लाल का आणि टेकडीला दोन बाजू का?

दुबईचं वाळवंट म्हणजे अरबस्तानातल्या 'रब अल खाली' या प्रचंड वाळवंटाची ईशान्येकडची कड. त्या वाळवंटाचं क्षेत्रफळ सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त. समुद्राजवळच्या वाळूत शंख-शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणून ती फिकट दिसते. आत जावं तसा कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे साध्या भाषेत गंजाचा, पातळ थर वाढत जातो आणि वाळू तांबडी होते.

क्वाड चालवणाऱ्याने रंगापेक्षा टेकडीचा आकार समजून घ्यायला हवा. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला वाळू हळूहळू चढत जाते. हा उतार मंद आणि दाबून बसलेला असतो. माथ्यावर पोचलेली वाळू पलीकडे घरंगळते आणि तिथे उभा, भुसभुशीत उतार तयार होतो. कोरडी वाळू साधारण ३० ते ३४ अंशांच्या उतारावर टिकते, त्याहून उभी झाली की घसरते. त्यामुळे पलीकडची बाजू कायम जवळजवळ या मर्यादेवरच असते.

म्हणजे जी टेकडी आपण आरामात चढून आलो, तिच्या माथ्यापलीकडे जमीन अचानक खाली गेलेली असू शकते. चढताना ते दिसत नाही. वेगात माथा ओलांडणाऱ्याला कळतं तेव्हा गाडीची पुढची चाकं हवेत असतात.

चार चाकं असूनही पलटी का होते?

क्वाडच्या आधी तीन चाकांच्या गाड्या होत्या. होंडाने १९७० मध्ये अशी गाडी बाजारात आणली. ती इतक्या वेळा उलटायची की १९८८ मध्ये अमेरिकेत सरकार आणि उत्पादक यांच्यात समझोता झाला आणि तीनचाकींची विक्री थांबली. तोवर चारचाकी क्वाड आल्या होत्या. चौथ्या चाकाने धोका कमी झाला, संपला नाही. अमेरिकेत आजही अशा वाहनांच्या अपघातांत दरवर्षी शेकडो माणसं मरतात.

कारण गाडीच्या बांधणीत आहे. क्वाड उंच असते, पण दोन्ही बाजूंच्या चाकांमधलं अंतर कमी असतं. वर बसलेल्या माणसाचं वजन आणखी उंचावर येतं. आडव्या उतारावर किंवा वेगात वळताना एका बाजूची चाकं उचलली की गाडी कलंडते. मोठ्या क्वाडचं वजन २५० ते ३५० किलो असतं. पडणाऱ्याला वाळूचा मार फारसा लागत नाही. मागून अंगावर येणारी गाडी जीवघेणी ठरते. ऑस्ट्रेलियात शेतीकामाच्या क्वाडखाली चिरडून इतके मृत्यू झाले, की ऑक्टोबर २०२१ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या अशा नव्या क्वाडना चालकाचा बचाव करणारी चौकट बंधनकारक झाली. पर्यटकांच्या क्वाडवर अशी चौकट सहसा नसते.

'बगी' हा वेगळा प्रकार आहे. त्यात गाडीसारखी सीट, सीटबेल्ट आणि डोक्यावर लोखंडी पिंजरा असतो. बगीही उलटते, पण बेल्ट लावलेला असेल तर माणूस पिंजऱ्याच्या आत राहतो. वयस्कर मंडळी किंवा कधीच दुचाकी न चालवलेल्यांसाठी बगीत ड्रायव्हरशेजारी बसणं जास्त शहाणपणाचं.

रोज स्कूटर चालवणाऱ्यांनी इथे जास्त सांभाळावं

ज्याने कधीच दुचाकी चालवली नाही, तो घाबरून सावकाश चालवतो. रोज ट्रॅफिकमधून बाईक काढणाऱ्याला मात्र 'यात काय आहे' असं वाटतं. त्याच्या तीन सवयी इथे उलट्या पडतात.

पहिली सवय पाय टेकवण्याची. स्कूटर कलली की पाय आपोआप जमिनीवर जातो. क्वाडवर तसं केलं तर मागचं चाक पायावरून जाऊ शकतं. दोन्ही पाय कायम फूटरेस्टवर हवेत.

दुसरी सवय रेस देण्याची. बाईकची रेस मूठ पिळून देतात, तर बहुतेक क्वाडवर ती अंगठ्याने दाबायच्या खटक्यावर असते. गाडी उडाली की घाबरून माणूस हँडल घट्ट पकडतो. त्यात अंगठाही दाबला जातो आणि थांबायच्या वेळी गाडी पळते. म्हणून सुरुवातीला सपाट जागेवर दोन-तीन वेळा अंगठा सोडून थांबण्याचा सराव करावा.

तिसरी सवय वळण्याची. बाईक कलवली की वळते. क्वाड स्वतः कलत नाही, त्यामुळे चालवणाऱ्याने आपलं अंग वळणाच्या आतल्या बाजूला न्यावं लागतं. चढावर अंग पुढे, उतारावर मागे. पोत्यासारखं बसून राहिलं तर गाडी हवी तिथे वळत नाही.

वाळूतले बाकीचे नियम थोडे आहेत, पण मोडण्यासारखे नाहीत:

• चढ एकसारख्या वेगाने, सरळ रेषेत चढायचा. अर्ध्यावर ताकद कमी पडली तर तिथेच वळायचं नाही, थांबून गाइडला हाक मारायची.
• माथ्याजवळ वेग कमी करायचा. पलीकडचं दिसल्याशिवाय ओलांडायचं नाही.
• उतरताना नाक सरळ खाली. उतारावर आडवं जायचं नाही.
• गाइडच्याच मागावरून जायचं, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचं आणि शर्यत लावायची नाही.
• एका माणसासाठी बनवलेल्या क्वाडवर दुसरा बसवायचा नाही, फोटोपुरताही नाही.

अनेक गाड्यांच्या मागे लांब काठीवर एक झेंडा फडफडत असतो. तो शोभेचा नसतो. टेकडीपलीकडून येणारी गाडी दिसत नाही, पण झेंड्याचं टोक आधी दिसतं. ज्या गाडीला झेंडा नाही, ती समोरच्यासाठी शेवटच्या क्षणापर्यंत अदृश्य असते.

सूर्यास्ताची वेळ: फोटोसाठी उत्तम, चालवण्यासाठी वाईट

दुबईचं घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे. डिसेंबरच्या मध्यात सूर्य तिथल्या साडेपाचच्या सुमारास मावळतो, तर जूनअखेर सात वाजून गेल्यावर. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचा प्रकाश हवेच्या फार जाड थरातून येतो. निळा प्रकाश वाटेत विखुरतो, पिवळा-लाल आपल्यापर्यंत पोचतो. आधीच तांबडी असलेली वाळू त्या उजेडात पेटल्यासारखी दिसते. तिरप्या उन्हामुळे प्रत्येक लाटेला सावली मिळते आणि टेकड्यांचा आकार उठून दिसतो. म्हणून सूर्यास्ताआधीचा अर्धा-पाऊण तास छायाचित्रकारांना सगळ्यात आवडतो.

याच वेळी पश्चिमेकडे तोंड करून चालवणाऱ्याच्या मात्र डोळ्यांत ऊन जातं. सूर्य बुडाला की अडचण उलटी होते. उजेड पुरेसा वाटतो, पण सावल्या पुसल्या जातात. माथा कुठे संपतो आणि पलीकडचा उभा उतार कुठे सुरू होतो, हे डोळ्यांना कळेनासं होतं. सगळी वाळू एकसारखी सपाट भासते. त्यातच बरेच गट कॅम्पकडे परतायच्या घाईत असतात.

म्हणून क्रम असा हवा: क्वाड आधी, सूर्यास्त नंतर. ऊन असताना गाडी चालवून परत द्यायची आणि सूर्यास्त चालत चढलेल्या एखाद्या टेकडीवर बसून बघायचा. क्वाडसोबतचा फोटो हवाच असेल तर तो इंजिन बंद करून, सपाट जागेवर उभ्या गाडीसोबत काढता येतो. रीलमध्ये फरक कळत नाही.

कुणी जावं, कधी जावं?

ऑक्टोबरअखेर ते मार्च हा चांगला काळ. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ४० अंशांच्या वर असतो आणि हेल्मेट घालून वाळूत गाडी चालवणं अंगावर येतं. हिवाळ्यात सूर्य गेला की गारठा पडतो, तेव्हा एक जाकीट जवळ असावं. पाय झाकणारे बूट घालावेत, सँडल नको. ओढणी किंवा स्कार्फ वाऱ्यावर मोकळा सोडू नये, तो चाकात अडकू शकतो.

गरोदर स्त्रिया, पाठीचे-मानेचे विकार असलेले आणि हृदयरोगी यांनी क्वाड आणि ड्यून बॅशिंग दोन्ही टाळावं. लहान मुलांना पुढ्यात बसवून चालवणं तर अजिबात नको. मोठ्या इंजिनाच्या क्वाड १६ वर्षांखालच्यांसाठी नाहीत, असं अमेरिकेतली ग्राहक सुरक्षा यंत्रणा सांगते.

प्रवास विम्याचाही एक मुद्दा आहे. अनेक साध्या पॉलिसींमध्ये साहसी खेळांतली दुखापत धरलेली नसते. पॉलिसीतल्या वगळलेल्या गोष्टींची यादी निघण्याआधी वाचावी. क्वाड देण्याआधी ज्या कागदावर सही घेतात, त्यात बहुधा जबाबदारी तुमचीच, असं लिहिलेलं असतं. तोही वाचूनच सही करावी. अमिरातीत रुग्णवाहिकेचा क्रमांक ९९८ आणि पोलिसांचा ९९९ आहे.

रील बनवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी: परवानगीशिवाय ड्रोन उडवणं आणि अनोळखी माणसांचे त्यांच्या संमतीशिवाय फोटो काढणं या दोन्हींबद्दल तिथले कायदे कडक आहेत.

वाळवंट रिकामं नाही

त्या वाळूत मधूनच एखादं हिरवं झाड दिसतं. ते बहुतेक 'गाफ' असतं, अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष. मराठी माणसाला ते परकं वाटायचं कारण नाही. दसऱ्याला पुजली जाते ती शमी आणि राजस्थानातली खेजडी म्हणजे हेच झाड.

अरबी ओरिक्स हे पांढरं, लांब शिंगांचं हरीण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जंगलातून नामशेष झालं होतं. पाळलेल्या कळपांतून ते पुन्हा वाळवंटात सोडलं गेलं. आज दुबईच्या सुमारे २२५ चौरस किलोमीटरच्या संरक्षित वाळवंटात ते मोकळं फिरताना दिसतं. झुडपांच्या मुळांनी वाळू धरून ठेवलेली असते आणि त्यांच्याच आडोशाला सरडे आणि छोटे प्राणी बिळं करतात. म्हणून ठरलेला मार्ग सोडून झुडपांवरून क्वाड नेऊ नये. टेकडीवरची चाकोरी वारा पुसून टाकतो, मोडलेलं झुडूप तो परत उभं करत नाही.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

१. क्वाडची वेळ सूर्यास्ताच्या आधीची आहे का?
२. हेल्मेट आणि गॉगल मिळतात का आणि हेल्मेट डोक्याला नीट बसतं का?
३. सोबत गाइड येतो का आणि एका गाइडमागे किती गाड्या असतात?
४. सुरुवातीला सपाट जागेवर सराव करून घेतात का?
५. गाडीला झेंडा आहे का? चालक पडला तर इंजिन बंद करणारी दोरी आहे का?
६. फेरी बंदिस्त मैदानात आहे की मोकळ्या टेकड्यांवर?

बऱ्याच ठिकाणी क्वाडसाठी वाहन परवाना विचारत नाहीत. त्याचा अर्थ गाडी सोपी आहे असा नाही, तुम्हाला ती येते की नाही हे कुणीच तपासलेलं नाही एवढाच आहे. वरच्या प्रश्नांना सरळ उत्तरं मिळाली नाहीत, तर क्वाड सोडून बाकीची सफारी करावी. टेकडीवर बसून सूर्यास्त बघायला क्वाड लागत नाही.