उत्तर फिलाडेल्फियांतील वाण्याचें दुकान

अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहराच्या उत्तर भागांत, ब्रॉड स्ट्रीट या हमरस्त्याला लागून, प्रोग्रेस प्लाझा नांवाचा एक बाजार आहे. प्रवाशानें मुद्दाम पाहावयास जावें असें तेथें कांहीं नाहीं. मोटारी उभ्या करण्याचें पटांगण आणि त्याच्या कडेनें दुकानांची ओळ, एवढाच त्याचा डौल. परंतु दरिद्री वस्तींत वाणसामानाचें नेटकें दुकान यावें म्हणून सार्वजनिक पैसा खर्च करण्याची जी चळवळ त्या देशांत झाली, तिचा वृत्तान्त सांगतांना हें पटांगण ओलांडून पुढें जातां येत नाहीं.

आपल्याकडे सरकारचा आणि दाणागोट्याचा संबंध म्हटला कीं शिधावाटपाचें दुकान डोळ्यांपुढें उभें राहतें. धान्य सरकारचें, दर सरकारचा, दुकानदार नेमलेला. अमेरिकेंतील प्रकार निराळा. तेथें सरकारनें स्वतः धान्य विकलें नाहीं. वाण्यानें गरिबांच्या वस्तींत येऊन बसावें म्हणून त्याच्या भांडवलाला टेकू दिला. इतक्या संपन्न देशावर ही पाळी कां यावी, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकन शहरांत कोपऱ्याकोपऱ्यावर लहान वाणी होता. गिऱ्हाइकाला तो नांवानें ओळखी, उधारी ठेवी, सामान घरपोंच करी; भाव मात्र चढा लावी. पुढें एकाच मालकीचीं शेंकडों दुकानें चालविणाऱ्या पेढ्या निघाल्या. त्यांतील 'ग्रेट अटलांटिक अँड पॅसिफिक टी कंपनी' या एकट्या पेढीचीं १९३० च्या सुमारास जवळजवळ १६,००० दुकानें होतीं. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत मायकेल कलेन या गृहस्थानें न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांत मोटारी ठेवण्याची एक रिकामी इमारत घेऊन 'किंग कलेन' हें दुकान थाटलें. गिऱ्हाइकानें आपला माल आपण उचलावा, रोख पैसे मोजावे आणि ओझें स्वतः वाहून न्यावें, हा तेथील शिरस्ता. नोकर थोडे, उधारी बंद, म्हणून भाव उतरलेला. सुपरमार्केट म्हणून जो प्रकार पुढें जगभर पसरला त्याचा हा आरंभींचा नमुना. मोठ्या पेढ्यांनीं तो धडा लवकरच गिरविला. अटलांटिक-पॅसिफिक कंपनीचीं दुकानें वीस वर्षांत निम्म्याहून कमी झालीं, पण प्रत्येक दुकान कितीतरी मोठें झालें. मोठ्या दुकानाला ऐसपैस जागा लागते, मोटारींसाठीं अंगण लागतें, आणि मुख्य म्हणजे मोटार बाळगणारें गिऱ्हाईक लागतें. हीं तिन्ही उपनगरांत होतीं.

आणि उपनगरें कांहीं आपोआप वाढलीं नाहींत. गृहकर्जांच्या सोयीसाठीं १९३३ मध्यें स्थापन झालेल्या सरकारी संस्थेनें शहराशहरांचे नकाशे तयार करून, जेथें कर्ज बुडण्याचें भय अधिक, त्या वस्त्या तांबड्या रंगानें रंगविल्या. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक सर्वत्र तांबड्या ठरल्या. १९३४ पासून घरकर्जांना सरकारी हमी मिळूं लागली, ती बव्हंशीं गोऱ्या लोकांच्या नव्या उपनगरांना. १९५६ च्या कायद्यानें महामार्गांवर राष्ट्राच्या तिजोरींतून पाण्यासारखा पैसा ओतला गेला. तात्पर्य, सुपरमार्केट ज्या रस्त्यानें शहराबाहेर गेलें तो रस्ता सरकारनेंच बांधला होता. पुढें गरीब वस्तींतील दुकानासाठीं सार्वजनिक पैसा मागितला जातांच, व्यापारांत सरकारनें हात घालूं नये असें जे म्हणूं लागले, त्यांनीं ही जुनी चोपडी सोयिस्करपणें मिटून ठेवली.

उत्तर फिलाडेल्फियावर आणखी एक आघात झाला. २८ ऑगस्ट १९६४ च्या रात्रीं कोलंबिया ॲव्हेन्यूवर पोलीस आणि रहिवासी यांच्यांत ठिणगी पडून दंगल उसळली. तीन दिवस जाळपोळ व लुटालूट चालली. शेंकडों दुकानें फुटलीं. त्यांतील बरींच पुन्हां उघडलींच नाहींत. दुकानदार कपाळाला हात लावून निघून गेले, आणि मागें राहिले ते ज्यांना जाण्याची सोय नव्हती ते.

याच भागांत झायन बॅप्टिस्ट चर्च या प्रार्थनामंदिराचे धर्मोपदेशक लिऑन सलिव्हन हे होते. पुरुष सहा फुटांहून उंच, आवाज खणखणीत, आणि हिशेबाला पक्का. १९६० मध्यें त्यांनीं शहरांतील सुमारें ४०० कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना एकत्र करून असा पुकारा केला कीं, जी पेढी आपल्या माणसांना मानाच्या जागीं नोकरी देत नाहीं, तिचा माल आपण घ्यावयाचा नाहीं. पहिला मोर्चा वळला तो केक करणाऱ्या एका मोठ्या कारखान्याकडे. थोड्याच महिन्यांत कारखाना नमला. मग १९६२ च्या एका रविवारीं त्यांनीं, ख्रिस्तानें थोड्या भाकरी आणि मासे यांवर हजारों लोक जेवूं घातले, या कथेवर प्रवचन केलें, आणि प्रवचनाच्या शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट मांडली. प्रत्येकानें दरमहा दहा डॉलर, असे छत्तीस महिने द्यावे. त्यांनीं पन्नास माणसें मागितलीं. त्याहून कितीतरी अधिक पुढें आलीं. देणारे लोक सुखवस्तु नव्हते. मोलमजुरी, घरकाम, लहानसहान नोकरी करणारे होते. दहा डॉलर म्हणजे त्यांच्या घरीं आठवड्याच्या वाणसामानांतला मोठा हिस्सा. या पैशांतून आधीं निवासगृहें बांधलीं गेलीं आणि १९६८ मध्यें प्रोग्रेस प्लाझा उघडला गेला. अमेरिकेंत कृष्णवर्णीयांच्या मालकीचें असें हें पहिलें बाजारकेंद्र मानतात. त्यांतील सर्वांत मोठें गाळ्याचें दुकान अर्थातच वाणसामानाचें होतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. सलिव्हन यांनीं आपल्या लोकांना भाजी खाण्याचा उपदेश केला नव्हता. आपल्या वस्तींतला पैसा आपल्या वस्तींत फिरावा, गल्ल्यावर आपली मुलें बसावीं, आणि चार शिरा पालक आणण्यासाठीं परक्याच्या दारीं जावें लागूं नये, एवढेंच त्यांचें मागणें होतें.

हें दुकान सुमारें तीस वर्षें चाललें आणि विसावें शतक सरतां सरतां तेथील सुपरमार्केट निघून गेलें. या धंद्यांत शंभर डॉलरच्या विक्रीमागें शेवटीं डॉलर-दोन डॉलर हातीं राहतात. विमा, पहारा किंवा नासलेला माल यांचा खर्च अंमळ वाढला तरी तो नफा नाहींसा होतो, आणि दूरच्या शहरांतील मुख्य कचेरींत बसलेला मनुष्य नकाशावरील त्या ठिपक्यावर काट मारतो. कित्येक ठिकाणीं तर निघून जाणारी पेढी जागा विकतांना खरेदीखतांतच अट घाली, कीं या जागीं पुढें वाणसामानाचें दुकान काढूं नये! आपण नाहीं तर कोणीच नाहीं, असा हा न्याय. मागें राहिलेल्या गृहिणीपुढें दोनच वाटा होत्या. एक, दोन बस बदलून दूरच्या बाजारीं जाणें आणि हातांत मावेल तेवढेंच आणणें. दुसरी, कोपऱ्यावरच्या लहान दुकानांत जाड कांचेच्या भिंतीआडून मिळेल तें घेणें. तेथें दूध महाग, शेंगदाणे-बटाट्याच्या पुड्या मुबलक, आणि टोमॅटोचा पत्ता नाहीं. १९६४ च्या कायद्यापासून गरिबांना सरकारकडून अन्नाच्या तिकिटांची मदत मिळत होती. पण तिकीट हातीं असून दुकानच जवळ नसेल तर त्या तिकिटाची खरी किंमत बसभाड्यानें घटत जाते, हें सरकारच्या लक्षांत यावयास पुढें चाळीस वर्षें लागलीं.

तें लक्षांत आणून दिलें 'दि फूड ट्रस्ट' या संस्थेनें. १९९२ मध्यें स्थापन झालेली ही संस्था आरंभीं वस्त्यांत भाजीबाजार भरवीत असे. २००१ मध्यें तिनें फिलाडेल्फियाचा एक नकाशा प्रसिद्ध केला. सुपरमार्केटांची विक्री कोठें थोडी, उत्पन्न कोठें थोडें, आणि आहाराशीं संबंध असलेल्या रोगांनीं मृत्यू कोठें अधिक, हे तीन थर एकावर एक ठेवले, तेव्हां तींच तीं ठिकाणें पुन्हां पुन्हां वर आलीं. साठाहून अधिक वर्षांपूर्वींच्या तांबड्या नकाशाला जणूं या नकाशानें उत्तर दिलें. पेन्सिल्व्हानिया राज्याच्या विधिमंडळांत फिलाडेल्फियाचे प्रतिनिधि ड्वाइट इव्हान्स यांनीं हा विषय उचलून धरला. पैसा केवळ मोठ्या शहरासाठीं नव्हता, राज्यांतील दूरच्या खेड्यापाड्यांसाठींही होता, आणि विधिमंडळांत बहुमत जमविण्यास ही गोष्ट फार उपयोगी पडली असली पाहिजे.

२००४ मध्यें राज्याची योजना सुरू झाली. राज्यानें एकंदर तीन कोटी डॉलर दिले. 'दि रिइन्व्हेस्टमेंट फंड' या संस्थेनें त्यांत खासगी कर्जाऊ भांडवलाची त्याहून मोठी भर घातली. कर्ज कोणास द्यावयाचें हें पारखणें तिच्याकडे, आणि वस्तीची खरी गरज आहे कीं नाहीं हें पाहणें फूड ट्रस्टकडे. जमीन जुळवावी लागते, जुनी इमारत पाडावी लागते, शीतपेट्या बसवाव्या लागतात, गल्ल्यावरच्या नवख्या मुलांना शिकवावें लागतें. जो खर्च उपनगरांत पडत नाहीं आणि शहरांत पडतो, तेवढा फरक भरून काढावयाचा, ही योजनेमागील दृष्टि. २०१० पर्यंत ८८ लहानमोठ्या दुकानांना हात मिळाला. डिसेंबर २००९ मध्यें प्रोग्रेस प्लाझांतही दहा वर्षांवर ओस पडलेल्या जागीं नवें सुपरमार्केट उघडलें. फेब्रुवारी २०१० मध्यें राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी मिशेल ओबामा या स्वतः तें पाहावयास आल्या, आणि त्याच सुमारास सबंध देशासाठीं चाळीस कोटी डॉलरहून अधिक रकमेची योजना जाहीर झाली. २०१४ च्या शेतकी कायद्यानें तिला कायमचें स्थान दिलें, जरी प्रत्यक्ष हातीं पडलेला पैसा त्या मानानें फारच थोडा होता.

मिशेल ओबामा यांची मोहीम होती मुलांच्या लठ्ठपणाविरुद्ध. येथें चळवळीचा गाभा पालटला. दुकान मागितलें होतें न्याय म्हणून. तें मिळालें औषध म्हणून. आणि औषध म्हटलें कीं गुण आला काय, हें विचारणारे वैद्य येतातच. २०१४ मध्यें स्टीव्हन कमिन्स आणि त्यांचे सहकारी यांनीं फिलाडेल्फियांतील अशाच एका नव्या दुकानाभोंवतालची पाहणी प्रसिद्ध केली. अन्न मिळण्याची सोय सुधारली असें रहिवाशांना वाटत होतें. परंतु फळें-भाजी खाण्याच्या प्रमाणांत आणि शरीराच्या वजनांत फरक पडला नव्हता. विरोधकांना आयतेंच कोलीत मिळालें. दुकानें काढून लोक सुधारत नाहींत, मग पैसा कां उधळावा? हा प्रश्न ऐकावयास बिनतोड वाटतो. पण श्रीमंत उपनगरांतील सुपरमार्केटनें तेथील रहिवाशांचें वजन किती घटविलें, असें कोणी कधीं विचारलें नाहीं. तेथें दुकान ही सोय. गरिबाच्या वस्तींत मात्र तें परीक्षेस बसविलेला विद्यार्थी. वजनाच्या तराजूवर या दुकानांची पारख करणें हाच मुळांत अन्याय होता, आणि त्या तराजूचा मोह प्रथम पडला तो दुकानांच्या कैवाऱ्यांनाच.

चळवळीचें खरें दुखणें दुसरीकडे होतें. सार्वजनिक पैसा दुकान उघडून देई; तें रोज चालविण्याच्या तोट्याचें खातें कोणाच्याच नांवावर नव्हतें. याच पेन्सिल्व्हानियाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या पिट्सबर्ग शहरांत तें स्पष्ट दिसलें. तेथील हिल डिस्ट्रिक्ट ही कृष्णवर्णीयांची जुनी, एके काळीं गजबजलेली वस्ती. १९५६ पासून तिचा खालचा भाग शहरसुधारणेच्या नांवाखालीं पाडून सुमारें ८,००० लोकांना उठविण्यांत आलें, आणि त्या जागीं १९६१ मध्यें मुळांत संगीतिकांच्या प्रयोगांसाठीं योजलेलें एक प्रचंड घुमटाकार रंगण उभें राहिलें. उरलेल्या वस्तींत पुढें तीस वर्षें धड सुपरमार्केट नव्हतें. २००८ मध्यें बर्फावरील हॉकीच्या संघासाठीं नवें रंगण बांधावयाचें ठरलें, तेव्हां रहिवाशांनीं अडून बसून करार करून घेतला. त्यांत वाणसामानाच्या दुकानासाठीं संघानें दहा लाख आणि शहराच्या पुनर्विकास-मंडळानें दहा लाख डॉलर द्यावे असें ठरलें. दुकान उघडावयास ऑक्टोबर २०१३ उजाडला.

येथेंही अभ्यासक आले. रहिवाशांचा आहार थोडा सुधारला होता, आपल्या वस्तीविषयीं समाधान वाढलें होतें; पण चमत्कार असा कीं, जे नव्या दुकानांत नेमानें जात आणि जे जात नसत, त्या दोघांत आहाराच्या बाबतींत फारसें अंतर नव्हतें. जणूं दुकानाच्या नुसत्या असण्यानेंच वस्तीची मान थोडी ताठ झाली होती. या लाभाला कोणत्याही खतावणींत रकाना नसतो. दुकानदाराच्या खतावणींत रकाना होता तो विक्रीचा, आणि ती अपेक्षेइतकी कधींच झाली नाहीं. मार्च २०१९ मध्यें दुकान बंद झालें. लोकांनीं पुन्हां बसची वाट धरली, आणि सार्वजनिक पैशाच्या आधारानें उभी राहिलेली ती इमारत त्यानंतर कित्येक वर्षें रिकामी पडून राहिली.